हडर्सफील्डचा १९४६ सालचा ‘मसाया’ : गिरण्यांच्या गावाचा आवाज

हडर्सफील्ड कोरल सोसायटीने सर माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखाली १९४६ साली ध्वनिमुद्रित केलेला, अठराव्या शतकातले संगीतकार हॅण्डेल यांचा ‘मसाया’ (येशू ख्रिस्तावरची, एकलगायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची दीर्घ रचना) जुन्या तबकड्यांवरून स्वच्छ करून पुन्हा प्रकाशित झालेला आहे. याच रचनेची नवी, झकपक मुद्रणे डझनावारी उपलब्ध असताना मोनो (एकाच ध्वनिमार्गाच्या) आवाजातले हे जुने मुद्रण मुद्दाम ऐकावे, असे मला वाटते. याचे कारण त्यातले नामवंत एकलगायक नव्हेत, तर त्यांच्यामागे उभा असलेला हौशी समूह आहे.

हडर्सफील्ड हे इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशर परगण्यातले लोकरीच्या कापडाचे गाव. तिथल्या काही संगीतप्रेमी मंडळींनी जून १८३६ मध्ये ‘प्लाउ इन’ या मद्यगृहात जमून ही संस्था स्थापन केली. तिचे सुरुवातीचे नियम वाचताना मौज वाटते. मासिक बैठक पौर्णिमेच्या किंवा तिच्या आधीच्या शुक्रवारी भरवावी, असे ठरले होते. आसपासच्या खेड्यांतून पायी येणाऱ्यांना रात्री परतताना चांदण्याचा उपयोग होई, हे उघड आहे. बैठकीला बिअर आणि पाव-चीजही असे. मात्र गावातल्या ‘हॉल ऑफ सायन्स’ या समाजवाद्यांच्या सभागृहात जाणाऱ्याला किंवा त्यांच्या सभांना हजेरी लावणाऱ्याला सभासदत्व नाही, असाही नियम पुढे झाला. बिअर चालेल, पण समाजवादी विचारवंत रॉबर्ट ओवेनचे विचार चालणार नाहीत, हा हिशेब त्या काळच्या चर्च-चॅपेलच्या धाकाविषयी बरेच काही सांगून जातो.

या परिसरातले गाणे कोणत्या घरांतून येत होते, ते सुझन संडरलंड या गायिकेकडे पाहिले की कळते. त्या जवळच्याच ब्रिगहाउसच्या, एका माळ्याच्या कन्या. त्यांचा आवाज हेरून त्यांना प्रथम शिकवले ते ल्यूक सेटल नावाच्या लोहाराने. पुढे त्या व्हिक्टोरिया राणीसमोर गायल्या आणि ‘यॉर्कशरची गानराणी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांच्या नावाची संगीतस्पर्धा हडर्सफील्डमध्ये १८८९ साली सुरू झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी संस्थेची सूत्रे हाती घेणारे हेन्री कॉवर्ड हेसुद्धा मूळचे शेफील्डचे चाकू-सुऱ्यांचे कारागीर. ‘टॉनिक सोल्फा’ पद्धतीचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. या पद्धतीत ‘डो’ आपल्या षड्जाप्रमाणे कोणत्याही पट्टीत धरता येतो, आणि पाच रेघांची स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही अक्षरे पाहून आपला भाग गाता येतो. कामगारवस्त्यांमधून एवढे मोठे गायकवृंद उभे राहण्यात या पद्धतीचा वाटा फार मोठा आहे.

मुद्रण ऐकताना ही पार्श्वभूमी कानांना जाणवते. ‘फॉर अन्टु अस अ चाइल्ड इज बॉर्न’ हे समूहगीत पाहा. त्यात ‘बॉर्न’ या एका शब्दावर हॅण्डेलने द्रुत स्वरांची लांबलचक माळ गुंफली आहे, आणि ती गायकांच्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जात राहते. मोठ्या समूहाच्या तोंडी अशी तान सहज विस्कटते. इथे ती वजनदार असूनही सुटी सुटी ऐकू येते. त्यानंतर ‘वंडरफुल’ या शब्दावर सगळे गट एकदम उसळतात, तेव्हा जुन्या मुद्रणाची मर्यादा विसरायला होते. व्यंजने अशी ठसठशीत पडतात की शब्दांचा कागद हाती नसला तरी चालते.

एकलगायकांत सोप्रानो (उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाच्या गायिका) इझोबेल बेली यांचा सरळ, निर्मळ स्वर मला सर्वांत आवडला. टेनर (उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचे गायक) जेम्स जॉन्स्टन हे पेशाने बेलफास्टचे खाटीक होते, हे कळल्यापासून त्यांचे गाणे मी जरा जास्तच आपुलकीने ऐकतो, हे मान्य करायला हवे. खालच्या पट्टीतल्या गायिका ग्लॅडिस रिप्ली आणि खर्जातले गायक नॉर्मन वॉकर यांची कामगिरी भक्कम आहे. साथ लिव्हरपूल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची आहे.

आजच्या अभिरुचीला यातल्या काही गोष्टी खटकतील. हॅण्डेलच्या काळातला वाद्यमेळ आटोपशीर होता; सार्जंट यांनी मात्र नंतरच्या परंपरेप्रमाणे वाद्ये वाढवली आहेत, आणि त्यांची लय अनेक ठिकाणी संथ, क्वचित जडही आहे. मूळचे मुद्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे असल्याने दर चार-साडेचार मिनिटांनी बाजू बदलत असे. ते सांधे आता जुळवलेले असले तरी पार्श्वभूमीची खरखर पूर्णपणे गेलेली नाही. मोजक्या गायकांचा, हलक्या पावलांचा ‘मसाया’ ज्यांना प्रिय आहे, त्यांनी हे मुद्रण दुसरे म्हणून घ्यावे, पहिले म्हणून नव्हे.

हा समूह आवडला, तर त्याच संचालकाने आणि त्याच वाद्यवृंदासह १९४५ साली केलेले, इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शिअस’ या अशाच दीर्घ रचनेचे मुद्रणही मिळवावे. त्या रचनेचे ते पहिले संपूर्ण मुद्रण असून हेडल नॅश या टेनरचे त्यातले गाणे अजूनही नमुना म्हणून सांगितले जाते. दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल, तर समूहाच्या ताकदीसाठी ‘मसाया’ आणि एकलगायनासाठी ‘जेरॉन्शिअस’ असा माझा कौल राहील.