पी-बेस का जे-बेस? दोन्ही एक अख्खा सीझन वाजवून लिहितोय

आमचा ऑर्केस्ट्रा सांगलीचा, आठ जणांचा. गणपती, नवरात्र, आजूबाजूच्या गावांच्या जत्रा, मधेच कुणाच्या लग्नाचं संगीत, असं वर्षभर चालू असतं आणि मी त्यात बेस गिटार वाजवतो. गेल्या सीझनला मी दोन बेस आलटून पालटून नेले, एक प्रिसिजन पद्धतीचा (पी), एक जॅझ पद्धतीचा (जे), दोन्ही चार तारांचे, दोन्हीत बॅटरी नाही आणि दोन्हीवर तारा एकाच जाडीच्या (45 ते 105) लावल्या, म्हणजे फरक ऐकू आला तर तो गिटारचाच असणार. बेस शिकणारी पोरं सारखी विचारतात, दादा पहिला कुठला घेऊ. तर स्टेजवर वाजवायला घेत असाल तर आधी पी-बेस घ्या. का ते सांगतो, आणि जे-बेस कुठं भारी पडतो तेपण सांगतो, कारण घरात माझ्या मांडीवर जास्त वेळ तोच असतो.

दोन्ही मूळचे फेंडर ह्या गिटार कंपनीचे, आता त्याच धर्तीवर कितीतरी कंपन्या बनवतात. प्रिसिजन 1951 चा. त्याच्या आधी उभा डबल बेस वाजवायचा म्हणजे सूर कानानं शोधावा लागायचा, ह्याच्या गळ्यावर पडदे (फ्रेट) आल्यामुळं बोट ठेवलं की सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. आज आपण जो दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारेचा कंप पकडणारा भाग, बघतो, एक तुकडा जरा वर एक जरा खाली, तो 1957 ला आला. जॅझ बेस 1960 चा, कंबर तिरकी, गळा निमुळता, पिकअप दोन आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम. नाव जॅझ असलं म्हणून त्यावर जॅझच वाजवायचं असं काही नाही, ही शंका मला दहा जणांनी तरी विचारलीय.

आता मुद्द्याचं. मागच्या नवरात्रात एका गावात स्टेज बांधलेलं, मागं एलईडी लाईटची भिंत, बाजूला जनरेटर, सगळ्या वायरी एकाच बोर्डातनं काढलेल्या. मी जे-बेस घेऊन गेलो होतो. साउंड चेकला दोन्ही व्हॉल्यूम फुल होते तेव्हा सगळं शांत. एका गाण्याला जरा टोकदार आवाज हवा म्हणून पुढचा पिकअप बंद केला आणि फक्त ब्रिजजवळचा, तारा जिथं खाली अडकवलेल्या असतात तिथला, ठेवला, तर बॉक्समधनं असा घुंsss सुरू झाला की निवेदक बोलायचा थांबून माझ्याकडं बघायला लागला. तारांवर हात ठेवला की कमी व्हायचा, हात उचलला की परत. ह्यात गिटारची चूक काही नव्हती. जे-बेसचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे प्रत्येकात तारेची एकच गुंडाळी, पण एकमेकांच्या उलट्या गुंडाळीचे असतात, म्हणून दोन्ही सारखे उघडे असले की बाहेरनं येणारी घुरघुर एकमेकांना मारून टाकते, पण एक कमी केला की ती जोडी फुटते. पी मध्ये ते दोन तुकडेच एकमेकांच्या उलटे, जाड दोन तारा एकाकडं आणि बारीक दोन दुसऱ्याकडं, त्यामुळं बटन कसंही फिरवा, तो गप्पच राहतो. आपल्याकडच्या मंडपातल्या वायरिंगला हे लई मोठं सुख आहे बघा.

मधेच एक सांगतो, ह्याचा बेसच्या प्रकाराशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिटारच्या तारा आतनं अर्थिंगला जोडलेल्या असतात. स्टेजचं अर्थिंग नीट नसेल आणि तुमचा हात तारेवर असताना ओठ माईकला लागले तर झटका बसतो. मला बसलाय, पावसाळ्यात, ओल्या फळीवर उभा असताना. इलेक्ट्रिशियनकडनं टेस्टर लावून घेतल्याशिवाय वाजवायला उभं राहू नका, आयोजक कितीही घाई करू देत.

दुसरं कारण गर्दीतल्या आवाजाचं. आमच्यात दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोलक, आणि कीबोर्डवाल्यांना डाव्या हातानं बेस वाजवायची सवय लागलेली असते कारण निम्म्या ऑर्केस्ट्रात बेसवाला नसतोच. तिथं जे-बेस दोन्ही पिकअप उघडून वाजवला की त्याच्या आवाजाचा मधला भाग जरा खोलगट होतो. घरी एकट्यानं ऐकायला तो आवाज फार गोड, खाली गोल आणि वर कुरकुरीत, पण सगळे एकदम सुरू झाले की बेस कुठं गेला कळत नाही. पी ला तो मधला गुरगुरता भाग भरपूर असतो. आणि खालची मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झला असते, एवढं खोल आपल्या जत्रेतल्या साध्या बॉक्समधनं नीट बाहेर पडतच नाही, लोकांना ऐकू येतात ते तिच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे वरचे अंश, 82, 123 असे, आणि पी तेच पुढं ढकलतो. आमचे ढोलकीवाले तात्या, सत्तरी जवळ आली, गिटारमधलं त्यांना काही ठाऊक नाही. सलग दोन कार्यक्रम झाल्यावर स्वतःहून म्हणाले, "ह्यो काळा आणत जा, ह्येच्यावर मला माझी धूम कुठं टाकायची कळतंय." काळा म्हणजे पी. केरव्याच्या ठेक्यात ढोलकीची धूम, म्हणजे तिचा खर्जातला ठोका, आणि बेसचा सूर एकमेकांवर पडले की चिखल होतो, एकाला दुसऱ्याचा सूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे ऐकू यायला लागतं. ह्यापेक्षा मोठा रिव्ह्यू मला नको.

अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जॅमरसन 1962 चा पी वाजवायचा, सपाट गुंडाळीच्या तारा लावून आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं. मी हिवाळ्यात पी ला तसल्या तारा लावून बघितल्या, बोटं घसरतानाची चिरचिर एकदम गेली आणि जुन्या हिंदी गाण्यांना तो आवाज असा बसला की त्या अजून काढल्या नाहीत.

आता जे-बेस. गळ्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे नटवर, तो साधारण 38 मिलीमीटर, पी बहुतेक ठिकाणी 41-42 आणि काही जुन्या घाटाचे 44 च्या पुढं. ऐकायला तीन-चार मिलीमीटर काहीच नाही पण पहिल्या चार पडद्यांत तासभर वाजवा, डाव्या मनगटाला कळतं. वर बाराव्या पडद्यापाशी हा फरक जवळपास संपतो. हात लहान असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून जे-बेस घ्या, लांबी दोन्हीची सारखीच 34 इंच असते त्यामुळं त्यात काही फायदा तोटा नाही.

आणि ब्रिजजवळचा तो पिकअप, ज्यानं माझी नवरात्रात पंचाईत केली, तोच जे चा खरा जीव आहे. जॅझ बेसवादक जाको पास्टोरियसनं 1962 च्या जे-बेसचे पडदे काढून टाकलेले आणि तो बेस गायल्यासारखा वाजायचा, त्यात हाच मागचा पिकअप. घरी रेकॉर्डिंग करताना, जिथं लाईटची भिंत नाही न जनरेटर नाही, मी पुढचा थोडा आणि मागचा जास्त असा ठेवतो, पिकअपच्या वरच अंगठा टेकवून बोटं ब्रिजकडं नेतो, तेव्हा प्रत्येक सुराला एक नाक येतं. हा शब्द मला मिरजेत मिळाला. माझ्या जे च्या नटचे खाचे उंच होते, पहिल्या पडद्यावर दाबलं की सूर चढायचा. ज्या दुकानातनं घेतला त्यांनी दोन वेळा ठेवून घेऊन तसाच परत दिला. शेवटी मिरजेला तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिरांकडं नेला, घाबरतच, कारण त्यांचं काम भोपळ्याचं आणि लाकडाचं (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय). त्यांनी तार छेडली, कान लाकडाला लावला, बारीक कानस घेतली, तिसऱ्या पडद्यावर तार दाबून धरली आणि पहिल्या पडद्यावर राहिलेली फट बघत दोन घासे, परत तार, परत दोन घासे असं तासभर केलं. मागचा पिकअप ऐकून म्हणाले, "ह्याला नाक आहे, जवारी उघडल्यागत." (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेला येणारी ती झणझण.) नंतर पी ऐकवला तर म्हणाले हा छातीतनं बोलतो. मी पंधरा वर्षं वाजवतोय, मला हे दोन शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं.

घ्यायला जाताना: दुकानात दोन्ही मागवा आणि बसून नाही, पट्टा लावून उभं राहून वाजवा, काही बेसचं डोकं जड असतं आणि हात सोडला की गळा खाली जातो. पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबून सातव्या-आठव्यापाशी बघा, तार आणि पडद्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी, जास्त असेल तर गळा वाकलाय, दुकानदाराला ट्रस रॉड, म्हणजे गळ्याच्या आतली सळी, फिरवून द्यायला लावा. आपल्याकडं पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये हे परत बघावं लागतं, लाकूड हलतं. जे-बेस असेल तर एकेक व्हॉल्यूम बंद करून घुरघुर किती येते ते तिथंच ऐका. एकच घ्यायची ऐपत आहे आणि दोन्ही आवाज पाहिजेत तर पीजे म्हणून येतो, पुढं पी चा पिकअप मागं जे चा, वाईट नाही, पण दोन्ही उघडले की पी चा तो भरीवपणा थोडा उतरतो, माझ्या कानाला तरी.

ह्या सीझनला गाडीत पी चढणार. जे-बेस पुतणीला दिलाय, नववीत आहे, बोटं बारीक, परवा पहिल्यांदा सा पासून वरच्या सा पर्यंत मनगट न वाकवता गेली.