‘पॉवर ऑफ द डालेक्स’: डोळ्यांपेक्षा कानांसाठी घ्यावी अशी डिस्क

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतली ही सहा भागांची कथा बीबीसीवर ५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर १९६६ या काळात दाखवली गेली. मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, चेहरा बदलून नवा होऊ शकतो; नवा डॉक्टर म्हणून पॅट्रिक ट्राउटनची ही पहिलीच कथा. त्या काळी व्हिडिओटेप महाग असे, म्हणून ती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही पुढे नष्ट झाल्या. काही सेकंदांचे तुकडे सोडले तर या कथेचं चित्रण आज शिल्लक नाही. बरोबर पन्नास वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०१६ ला, चार्ल्स नॉर्टन यांनी दिग्दर्शित केलेली अ‍ॅनिमेशन आवृत्ती आली.

चित्र गेलं तरी आवाज राहिला, आणि तो राखला चाहत्यांनी. घरात व्हीसीआर नसण्याच्या त्या दिवसांत काही मुलं दर शनिवारी टीव्हीपुढे स्पूलचा टेपरेकॉर्डर मांडून बसत. मायक्रोफोन नुसता स्पीकरसमोर धरला की खोलीतला खोकला, दारं, कपबश्या सगळं टेपवर उतरतं. टीव्हीच्या आतून थेट वायर काढून केलेलं रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ असतं. डिस्कवरचा आवाज अशाच घरगुती टेपांवरून मार्क आयर्स यांनी साफ केला आहे. लेस्टरसन हा शास्त्रज्ञ हळूहळू भ्रमिष्ट होत जातो, ते अभिनेता रॉबर्ट जेम्सच्या नुसत्या आवाजात ऐकावं. हेडफोन लावूनच.

चित्रासाठी आधार होता तो टेलिस्नॅपचा. जॉन क्युरा हे छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे, कार्यक्रम चालू असताना, फोटो काढून ते कलाकारांना आणि दिग्दर्शकांना विकत. एका भागाचे साधारण साठ-सत्तर फोटो, म्हणजे पंचवीस मिनिटांत वीस-पंचवीस सेकंदांना एक. नेपथ्य, कपडे, कोण कुठे उभं हे त्यातून कळतं. हालचाल कळत नाही. ती भरून काढायला पैसा आणि वेळ दोन्ही कमी, म्हणून कट-आउट पद्धत: पात्र ठरावीक कोनांतून एकदा काढायचं, हात, पाय, डोकं, भुवया सुटे ठेवायचे आणि संगणकावर सांध्यांत फिरवायचे. बसलेली, बोलणारी माणसं त्यात खपून जातात. चालायला लागली की कळसूत्री बाहुल्या होतात, कारण पावलाचा भार जमिनीवर पडलेला दिसतच नाही. मान वळवतानाही मधले कोन काढलेले नसल्याने चेहरा टुणकन दुसरीकडे उडी मारतो.

सर्वांत मोठा फटका ट्राउटनला बसतो. पहिल्या भागात नवा डॉक्टर पेटी उपसतो, आरशात जुना चेहरा बघतो, विचारलेल्या प्रश्नाला बासरीसारखा रेकॉर्डर वाजवून उत्तर देतो. संवाद तोकडे, सगळी गंमत मुद्रेत. आणि सुट्या भुवयांनी मुद्राभिनय होत नाही. पहिला भाग रेंगाळतो तो त्यामुळे. तिथे डिस्क बंद करू नये.

डालेक, म्हणजे यंत्राच्या कवचात राहणारे डॉक्टरचे परग्रही शत्रू, मात्र झकास. त्यांना ना गुडघे, ना ओठ. मुळातच सरपटणारं यंत्र, त्यामुळे या पद्धतीची सगळी उणीव त्यांच्या बाबतीत गळून पडते. परग्रहावरच्या वसाहतीतल्या माणसांची नोकरासारखी सेवा करणारे डालेक चौथ्या भागात स्वतःचीच फौज कारखान्यातल्यासारखी घडवू लागतात. १९६६ च्या स्टुडिओत गर्दी दाखवायला कागदी कट-आउट डालेक उभे करावे लागले होते. अ‍ॅनिमेशनमध्ये ही अडचण नाही, आणि तो प्रसंग इथे मुळाहूनही भारी वाटत असावा.

आवृत्ती निवडताना: २०१६ ची पहिली डीव्हीडी कृष्णधवल होती, रंगीत नंतर आली. २०२० च्या विशेष आवृत्तीत काही दृश्यं सुधारली आहेत, त्यामुळे आता घ्यायची तर तीच. पण पहिल्यांदा कृष्णधवलच बघावी. सावल्या गडद असल्या की सांधे कमी दिसतात, रंगांत सपाटपणा उघडा पडतो. मूळ प्रक्षेपण जवळपास चौकोनी पडद्यासाठी होतं, हे चित्र मात्र रुंद आहे, तेव्हा टेलिस्नॅपशी ताडून बघताना दोन्ही कडांचा भाग नव्याने रचलेला आहे हे धरून चालावं.

भारतात मागवणार असाल तर आधी प्लेअर तपासा, कारण डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या रिजनवर ठरतं. ब्रिटनची डीव्हीडी रिजन २ ची, आपली रिजन ५ ची; ब्लू-रेला तिकडे बी, इकडे सी. सगळे रिजन चालवणारा प्लेअर नसेल तर डिस्क आत घेऊन तो नुसता ‘चालत नाही’ असा संदेश दाखवेल. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन बदलता येतो, पण मोजून पाच वेळा; नंतर शेवटचा निवडलेला कायमचा राहतो.