ईव्हनिंग स्टार की इक्वेटोरियल स्टार्स?

रॉबर्ट फ्रिपची गिटार, ब्रायन ईनोची यंत्रं. या ब्रिटिश संगीतकार जोडीचा 'ईव्हनिंग स्टार' हा अल्बम आला १९७५ साली. त्यानंतरचा नवा स्टुडिओ अल्बम, 'द इक्वेटोरियल स्टार्स', थेट २००४ मध्ये. दोन्ही एकदम ऐकायला कुणालाच सवड नसते, तेव्हा आधी कुठला?

जुन्यातली करामत टेपची आहे. दोन रेकॉर्डर शेजारी ठेवायचे, एकाच टेपने जोडायचे. पहिल्यावर ध्वनिमुद्रित झालेला स्वर टेपबरोबर सरकत दुसऱ्यावर पोचतो, तिथे वाजतो आणि पुन्हा पहिल्याकडे पाठवला जातो. त्यामुळे काही सेकंदांपूर्वी छेडलेली तार परत येते, नव्या स्वराखाली थर होऊन बसते आणि फेरीगणिक विरत जाते. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला रेकॉर्डची पहिली बाजू परकी वाटणार नाही. दुसऱ्या बाजूला मात्र एकच तुकडा, 'ॲन इंडेक्स ऑफ मेटल्स', तब्बल २८ मिनिटांचा. सुरुवातीला शांत, मग हळूहळू गंजत, करकरत जाणारा. रात्री स्पीकरवर लावला होता तर शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "मिक्सर बिघडलाय का रे तुमचा?"

नव्यात असलं काही होत नाही. तोवर टेप जाऊन डिजिटल यंत्रं आली होती. आवाज स्वच्छ, कडा गुळगुळीत. सात तुकडे, बहुतेक ताऱ्यांच्या नावांचे. त्यातला 'मायसा' म्हणजे आपल्या मृगशीर्षातला तारा, आणि 'आल्टेअर' म्हणजे चक्क श्रवण! नेमक्या त्याच तुकड्यात ठेका येतो, बाकी सगळं तरंगतं.

लोकलमध्ये ऐकणार असाल तर नवा घेऊच नका. दादरला सुरू केला आणि वांद्र्यापर्यंत मला फक्त पंखा आणि दाराशी चाललेली भांडणं ऐकू आली. 'इंडेक्स'ची करकर निदान गाडीच्या खडखडाटाला पुरून उरते. ऑफिसचं काम करताना, किंवा पावसात खिडकी लावून पडल्यापडल्या, नवा बरा. मध्येच उठून आवाज कमी करावा लागत नाही.

मला विचाराल तर जुना. पुनर्भेटीत दोघं एकमेकांना फार सांभाळून घेतात. जुन्यात तसं काहीच नव्हतं. एवढंच करा, दुसरी बाजू हेडफोनवर ऐका. काकूंना आम्ही अजून खरं सांगितलेलं नाही.