मोका पॉट: गोड पदार्थ आणि कॉकटेलसाठी काही महिने वापरल्यानंतर

मोका पॉटमधली (गॅसवर ठेवायचं छोटं इटालियन कॉफीपात्र) सकाळची कॉफी कशी लागते, यावर वाचायला हवं तेवढं सापडतं. मी तो घेतला वेगळ्याच कामासाठी. कॉफीची गोड डेझर्टं आणि अधूनमधून कॉकटेल घरी करायची होती आणि त्यासाठी एस्प्रेसो मशीन घ्यायची अजिबात तयारी नव्हती. काही महिने सतत वापरल्यावर निकाल सांगतो: या कामाला पॉट पुरतो. दोन ठिकाणी तो कमी पडतो, आणि त्यातल्या एका ठिकाणी इन्स्टंट कॉफीची साधी बाटली त्याच्यावर मात करते.

कॉफीच्या डेझर्टची खरी अडचण पाण्याची असते. साधी गाळलेली कॉफी क्रीममध्ये घातली की क्रीम पातळ होतं, कॉकटेलमध्ये घातली की ग्लास पाणचट होतो, आणि चव यावी म्हणून जास्त घालावी तर दोन्ही बिघडतं. हवी असते थोड्या पाण्यात भरपूर कॉफी. माझ्या तीन कपांच्या पॉटमध्ये सुमारे १५ ग्रॅम पूड आणि १५० मिलिलिटर पाणी बसतं, वर साधारण १२० मिलिलिटर कॉफी येते. (हे 'तीन कप' म्हणजे छोटे कप. माणशी एक मग धरून कुणी घेऊ नका.)

मात्र हा एस्प्रेसो नाही. मशीन साधारण ९ बार दाबाने पाणी ढकलतं. मोका पॉटमध्ये दाब असतो एक-दोन बारचा, तोही वाफेचा. १९३३ साली इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांनी हा प्रकार बाजारात आणला, तेव्हापासून त्याची रचना फारशी बदललेली नाही. खाली पाणी, मध्ये पूड, वर कॉफी. कमी दाबामुळे वर एस्प्रेसोसारखा जाड सोनेरी फेस येत नाही. डेझर्टमध्ये त्यावाचून काही अडत नाही. कॉकटेलमध्ये अडतं, त्यावर पुढे येतो.

चव कुठे बिघडते ते झाकण उघडं ठेवलं की दिसतं. सुरुवातीला नळीतून गडद, दाट धार हळूहळू ओघळते. मग तिचा रंग मधासारखा होतो, आणि शेवटी फिकट पिवळसर बुडबुडे फुरफुरायला लागतात. प्यायची कॉफी असेल तर त्या शेवटच्या घोटांचा कडवटपणा दुधात लपतो. डेझर्टसाठी मी रंग मधाचा झाला की गॅस बंद करतो आणि पॉटचं बूड गार पाण्यात टेकवतो. कॉफी थोडी कमी मिळते, पण करपट वास येत नाही. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी भरायचं आणि पूड दाबून बसवायची नाही, एवढं पाळलं की बाकी आपोआप जमतं.

सगळ्यात सोपा पदार्थ अफोगातो: व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा, त्यावर ३० मिलिलिटर गरम कॉफी. वाटी आधी फ्रीजरमध्ये ठेवा. कृती संपली.

पॉटचे पैसे वसूल झाले ते ग्रानितामध्ये, म्हणजे खरवडलेल्या गोड कॉफीच्या बर्फात. सिसिलीचा हा पदार्थ आइस्क्रीमच्या यंत्राशिवाय होतो आणि त्यात चुकायला जागा कमी. २५० मिलिलिटर कडक कॉफी (पॉट दोनदा लावावा लागतो), गरम असतानाच त्यात ६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. मिठाने खारटपणा येत नाही, कडूपणा दबतो. गार झालं की पसरट ट्रेमध्ये ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं. पहिल्या खेपेला फक्त कडेला पापुद्रा धरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सगळं भुरभुरीत होतं. इथे साखर गोडीइतकीच पोतासाठी असते. कमी घातली तर दगडासारखी लादी होते, जास्त घातली तर चिखल. दारूचंही तेच: चमचाभर रम चालते, पण पाव वाटी ओतली तर रात्रभरातही नीट गोठणार नाही, कारण अल्कोहोल गोठण्याचं तापमान खाली खेचतो. आणखी एक, गार पदार्थात गोडी कमी लागते, म्हणून गरम मिश्रण चाखताना ते किंचित जास्त गोड वाटायला हवं. वर न फेटलेलं क्रीमही चालतं, पण फेटलेलं असलं तर मजा वेगळीच.

जपानी पद्धतीची कॉफी जेली मी अगारची (समुद्री शेवाळापासूनची, जेली धरणारी पावडर) करतो. २५० मिलिलिटरला २ ग्रॅम अगार पावडर, आणि ती दोन मिनिटं खरोखर उकळायची. नुसती कोमट कॉफीत ढवळून जमत नाही. जिलेटिन घेतलं तर उलट, ते उकळायचं नाही, गार पाण्यात भिजवून गरम कॉफीत विरघळवायचं. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते, अगारची दाताखाली तुटते. चौकोनी तुकडे करून क्रीममध्ये सोडायचे असतील तर मला तुटणारी आवडते. मोका पॉटची एक खोड मात्र जेलीत उघडी पडते: चाळणीतून बारीक गाळ वर येतो आणि काचेच्या ग्लासात तळाशी काळी रेघ दिसते. पातळ फडक्यातून गाळून घेतलं की प्रश्न मिटतो.

तिरामिसूबद्दल (कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर) थोडक्यात. कॉफी पूर्ण गार हवी, कारण गरम कॉफीत लेडीफिंगर बिस्किटं क्षणात गळतात. एका बाजूला एक सेकंद, दुसऱ्या बाजूला एक सेकंद, बस्स. कच्चं अंडं नको असेल तर मस्कारपोने (मऊ इटालियन चीज) आणि फेटलेलं क्रीम एकत्र करा. चव थोडी सपाट होते, पण रात्रभर फ्रीजमध्ये मुरलं की तक्रार करावीशी वाटत नाही.

आता इन्स्टंट कॉफी. ब्राउनी, केक किंवा चॉकलेट मूसमध्ये मी मोका पॉटला हात लावत नाही. तिथे एक चमचा इन्स्टंट पावडर कोको किंवा वितळलेल्या चॉकलेटमध्ये मिसळली की पाणी न वाढता चॉकलेटची चव उठून येते. फेटलेल्या कॉफीचा तो घट्ट फेसही (कॉफी, साखर, गरम पाणी समसमान) फक्त इन्स्टंटचाच होतो. पॉटमधली कॉफी कितीही फेटा, तिच्यात पाणी फार, ती उभी राहत नाही. कॉफीचे शौकीन नाक मुरडतात, मुरडू देत.

कॉकटेलचा मामला जास्त रंगतदार आहे. एस्प्रेसो मार्टिनी १९८०च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने आणली. सर्वमान्य प्रमाण असं: ५० मिलिलिटर व्होडका, ३० कॉफी लिकर (कॉफीची गोड दारू), १० साखरेचा पाक आणि एक कडक एस्प्रेसो. वरचा जाड फेस हीच या ड्रिंकची शान, आणि पॉट कमी पडतो तो इथे. मशीनच्या कॉफीत अडकलेला वायू शेकरमध्ये फेस उभा करतो. मोका कॉफीत तो फारसा नसतो. तरी बऱ्यापैकी जमवता येतं. कॉफी ताजी हवी, सकाळची उरलेली नको. ती स्टीलच्या वाटीत ओतून वाटी गार पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, म्हणजे शेकरमधला बर्फ लगेच वितळून ड्रिंक पातळ होत नाही. शेकर बर्फाने भरायचा आणि बाहेरून पांढरं धुकं धरून बोटं चिकटायला लागेपर्यंत जोरात हलवायचा. उकडलेल्या छोल्यांचं पाणी १० मिलिलिटर घातलं तर फेस बराच वेळ टिकतो आणि चवीत काही कळत नाही. बारमध्ये मिळतो तसा जाड थर अजूनही येत नाही. पण पाहुणे तक्रार करत नाहीत.

लिकर घरीच होतं, आणि माझ्या मते पॉटचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. पॉटभर म्हणजे १२० मिलिलिटर गरम कॉफीत १२० ग्रॅम ब्राउन शुगर विरघळवा, पूर्ण गार झाल्यावर १५० मिलिलिटर व्होडका आणि थोडा व्हॅनिला. ४० टक्क्यांची व्होडका धरली तर हे साधारण १७ टक्क्यांचं होतं. फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांनी व्होडकाचा तिखटपणा निवतो. व्होडका ५० आणि हे लिकर २० बर्फावर ओतलं की ब्लॅक रशियन, वर ३० मिलिलिटर क्रीम सोडलं की व्हाइट रशियन. शेकरसुद्धा लागत नाही.

आयरिश कॉफीला मोका कॉफी जशीच्या तशी वापरू नका, फार कडक होते. ६० मिलिलिटर कॉफीत ६० मिलिलिटर गरम पाणी, दोन चमचे साखर, ५० मिलिलिटर आयरिश व्हिस्की. साखर वगळली तर वरचं क्रीम तरंगायला कुरकुरतं. क्रीम अर्धवटच फेटायचं, ओतता येईल इतपत, आणि चमच्याच्या पाठीवरून सोडायचं. दारू नको असणाऱ्यांसाठी बर्फ, टॉनिक वॉटर आणि वरून हळूच गार कॉफी. हळूच म्हणजे खरंच हळूच; भसकन ओतलं तर फेस ग्लासाबाहेर.

कॅफिनचा हिशेब या सगळ्यात सहज विसरला जातो. १५ ग्रॅम अरेबिका जातीच्या पुडीत दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे कॅफिन असतं, रोबस्टा जातीत त्याच्या जवळपास दुप्पट. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत घ्यायला हरकत नाही, असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते, पण शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात. जेवणानंतर जेली आणि वर मार्टिनी घेतलीत तर झोपेचं खोबरं. कॅफिनमुळे दारू उतरत नाही, फक्त पेंग येत नाही, आणि माणूस आणखी एक ग्लास भरतो. रात्रीच्या पदार्थांसाठी मी आता डीकॅफ (कॅफिन काढलेली) पूड वेगळी ठेवतो. साखर आणि क्रीममध्ये फरक कळत नाही.

तक्रारी. माझ्या पॉटची रबरी रिंग अपेक्षेपेक्षा लवकर कडक झाली आणि जोडावरून वाफ सुटायला लागली. रिंग सुटी मिळते, घेतानाच एक जास्तीची घेऊन ठेवा. हँडल गॅसच्या मोठ्या ज्योतीवर तापतं, ज्योत बुडाच्या आतच राहू द्या. अॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचा लागतो. डिशवॉशरमध्ये घातला तर काळवंडतो, हातानेच धुवा. खालच्या भांड्यातल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या वर पाणी भरू नका आणि तो मधूनमधून मोकळा आहे ना ते बघा. मापाबाबत: तीन कपांचा पॉट दोघा-चौघांच्या डेझर्टला पुरतो. अर्धा भरून मोठा पॉट चालवता येत नाही, कॉफी पाणचट येते. म्हणून नेहमी ग्रानिता किंवा तिरामिसू करणार असाल तर सहा कपांचा घ्या, नुसत्या कॉकटेलपुरता हवा असेल तर तीनचाच.