पावती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असेल तर जिना चढा: सेबूतल्या एका मतदान केंद्राचा रिव्ह्यू

ठिकाण फिलिपिन्समधल्या सेबू प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावातली सरकारी प्राथमिक शाळा. तारीख १२ मे २०२५. हा रिव्ह्यू मतदानाच्या व्यवस्थेचा आहे, उमेदवारांचा नाही. यंत्राला आणि शिक्षिकांना माझ्याकडून पाचपैकी पाच, म्हाताऱ्या माणसांसाठी केलेल्या सोयीला पाचपैकी दोन.

मी इथली मतदार नाही. पासपोर्ट भारतीय, लग्नामुळे इथे राहते. परदेशी नागरिकानं इथल्या निवडणुकीत कसलीही ढवळाढवळ करणं कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे प्रचारात फुकट वाटलेला टी-शर्टसुद्धा मी घरात घालत नाही. त्या दिवशी गेले ती सासूबाईंना सोबत म्हणून. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, डावा गुडघा वाकत नाही, पण डोकं लख्ख. कुठल्या मेयरच्या काळात कुठला रस्ता झाला आणि कुठला कागदावरच राहिला, हे त्यांना तोंडपाठ आहे.

तयारी आठवडाभर आधी सुरू झाली. नवऱ्यानं कोमेलेकच्या, म्हणजे इथल्या निवडणूक आयोगाच्या, वेबसाइटवर नाव आणि जन्मतारीख टाकून खोली शोधून ठेवली. सासूबाईंनी वहीचं पान फाडून कोदिगो लिहायला घेतला. मतदानाला जाताना आपल्या पसंतीच्या नावांची चिठ्ठी नेतात, तिला इथे कोदिगो म्हणतात. ती नेणं पूर्ण कायदेशीर आहे आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय निभावच लागत नाही. कारण मतपत्रिका एकच आणि तिच्यात सगळंच. बारा सिनेटर, एक पार्टी-लिस्ट (इथे माणसाला नाही, पक्षाला किंवा संघटनेला मत देतात), एक काँग्रेसमन, गव्हर्नर, व्हाइस गव्हर्नर, प्रांतिक मंडळाचे दोन सदस्य, मेयर, व्हाइस मेयर आणि गावाचे आठ कौन्सिलर. एकूण अठ्ठावीस गोल काळे करायचे. नुसत्या सिनेटरसाठीच ६६ नावं छापलेली, आणि मागच्या बाजूला दीडशेहून जास्त पार्टी-लिस्ट. गावातल्या आठ कौन्सिलरांची नावं सासूबाईंनी सर्वांत आधी लिहिली, सिनेटरांची शेवटी, त्यातल्या दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवून. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी खुणा केल्या तर चालतं. एकही जास्त झाली तर त्या पदासाठीची सगळी मतं बाद होतात, बाकीची पदं शाबूत राहतात. हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं.

आमच्या नणंदबाई दुबईत नर्स आहेत. त्यांनाही मतदान करता येतं, पण या निवडणुकीत फक्त सिनेटर आणि पार्टी-लिस्टसाठी. गावचा मेयर कोण, गव्हर्नर कोण, यात बाहेर राहणाऱ्यांना मत नाही, मग दर महिन्याला गावात पैसे तेच का पाठवत असेनात. याचं मला दरवेळी वाईट वाटतं. सेबू शहर, मांदाउए आणि लापु-लापु इथल्या लोकांच्या मतपत्रिकेवरही गव्हर्नरचं नाव नसतं, कारण ही तिन्ही शहरं प्रांताच्या कारभारापासून स्वतंत्र आहेत. गव्हर्नरचं कॅपिटॉल, म्हणजे कार्यालय, मात्र सेबू शहरातच आहे.

आदल्या रात्री गल्लीतून सॅम्पल बॅलट फिरले. एका उमेदवाराच्या पॅनेलची नावं छापलेला कागद आणि त्याला स्टेपल केलेली नोट. आमच्या दारातही एक मुलगा येऊन देऊन गेला. सासूबाईंनी त्याला हाक मारून परत बोलावलं, कागद नोटेसकट त्याच्या हातात ठेवला आणि त्याच्या आजीची तब्येत विचारली. मुलगा खाली मान घालून गेला. मत विकत घेणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी हे चालतं. ज्या घरात त्या नोटेवर दोन दिवसांचा तांदूळ येतो तिथे मी कुणाला नावं ठेवणार नाही. देणाऱ्याला मात्र जरूर ठेवीन.

मतदान सात ते सात, पण ज्येष्ठ, अपंग आणि गरोदर बायकांसाठी या वेळी पहाटे पाच ते सात अशी वेगळी वेळ होती. ही सोय उत्तम. मे महिन्यात इथे नऊ वाजताच पत्र्याखाली अंगाची लाही होते. आम्ही ट्रायसिकलनं अंधारातच पोचलो. फाटकाशी स्वयंसेवकांचं मदत-टेबल होतं, तिथे खोलीचा नंबर पुन्हा तपासून दिला. पोलीस नियमाप्रमाणे केंद्रापासून लांब उभे. दारूबंदी आदल्या दिवसापासून लागलेली, त्यामुळे रस्ताही शांत. कोपऱ्यावर एक बाई कोळशावर बार्बिक्यू लावत होती आणि माडाच्या झावळीत विणून शिजवलेल्या भाताचे पुसो दांडीला टांगून ठेवले होते.

खोली निघाली वरच्या मजल्यावर.

इथून पुढचा भाग मी सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना तोच उपयोगी पडेल. जिना चढता न येणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावर एक वेगळी खोली ठेवलेली असते. मतपत्रिका वरून तिथे आणतात, तुम्ही तिथे बसून गोल भरायचे, आणि मग कर्मचारी ती वर नेऊन तुमच्या वतीनं यंत्रात घालतात. त्यासाठी एका कागदावर लेखी संमती द्यावी लागते. खोली चांगली होती. पंखा, पाण्याची बाटली, तळहातानं पुसून घेतलेली बाकं. तिथली तरुण शिक्षिका सासूबाईंच्या पायाशी बसून, "नाय (म्हणजे आई), इथेच बसा, आम्ही सगळं करतो," असं इतक्या प्रेमानं म्हणत होती की मीच म्हटलं, बसू या.

सासूबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि विचारला तो एकच प्रश्न: "मग पावती मी कधी बघायची?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. कारण यंत्रानं कोणती मतं वाचली ते दाखवणारी पावती यंत्रातूनच निघते, आणि यंत्र वर.

त्यांचा हा हट्ट नव्हता. फिलिपिन्समध्ये देशभर यंत्रानं मतदान २०१० पासून होतंय. २०१० आणि २०१३ ला मतपत्रिका यंत्रात घातली की यंत्रानं नेमकं काय वाचलं हे मतदाराला कळायचं नाही. कायद्यात कागदी पडताळणीची तरतूद होती, पण पावती छापली जात नव्हती. मार्च २०१६ मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना, सर्वोच्च न्यायालयानं पावती छापायचा आदेश दिला, आणि तेव्हापासून ती मिळते. सासूबाईंच्या मते मत तेव्हा पूर्ण होतं जेव्हा यंत्रानं काय वाचलं ते आपण बघतो. मलाही ते पूर्ण पटतं.

शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नवऱ्यानं आणि दोन बारांगाय तानोदांनी त्यांना वर नेलं. बारांगाय म्हणजे इथली वस्ती, तानोद म्हणजे तिचे राखणदार. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. वरून उतरणारे लोक भिंतीला चिकटून उभे राहिले आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. पण हे असं व्हायला नको होतं. ज्या रांगेत इतके ज्येष्ठ आहेत त्यांचं यंत्र खाली आणि तरुणांच्या खोल्या वर, एवढी साधी अदलाबदल त्या शाळेत करता आली असती. खाली दोन वर्ग कुलूप लावून बंद होते, मी स्वतः बघितले. अपंग आणि ज्येष्ठ मतदारांना सहज पोचता येईल अशी जागा द्या, असं २०१३ चा कायदा सांगतो. नुसतं बसायला जागा देऊन तो पाळला असं मी मानत नाही.

मला अर्थातच आत सोडलं नाही, आणि ते बरोबरच आहे. व्हरांड्यातून काचपट्ट्यांच्या खिडकीतून दिसत होतं तेवढं पाहिलं. यादीतला क्रमांक सांगितला, सही केली, मतपत्रिका आडोशाच्या फोल्डरमध्ये घालून मार्करसोबत दिली. नवऱ्याला मदतनीस म्हणून शेजारी बसायचंय का, असं शिक्षिकेनं विचारलं. सासूबाईंनी मान हलवली, मला वाचता येतं. मग त्या अठ्ठावीस गोलांना लागल्या. एकेक गोल कडेकडेनं, रांगोळीची कड भरावी तसा. मागे रांग वाढत होती, पक्षांचे निरीक्षक घड्याळ बघत होते, पण खोलीतल्या मतदानाची अध्यक्ष असलेल्या शिक्षिकेनं एकदाही "लवकर" म्हटलं नाही. पहाटेपासून ती उभी होती, आणि मतदान संपल्यावर निकालाचे कागद काढून पेट्या पोचवेपर्यंत तिची सुटका नव्हती. पाचपैकी पाच मी मुख्यतः या बाईला दिलेत.

यंत्रं या वेळी नवीन होती, दक्षिण कोरियाच्या मिरू सिस्टीम्सची. देशभरासाठी अशी १,१०,००० यंत्रं भाड्यानं घेतली, करार सुमारे १८ अब्ज पेसोंचा. आमच्या खोलीतल्या यंत्रानं मतपत्रिका पहिल्या झटक्यात ओढून घेतली आणि पावती सरसर बाहेर आली. लांबलचक पट्टी, अक्षर बारीक. सासूबाईंनी पिशवीतून भिंग काढलं. एका हातात कोदिगो, दुसऱ्यात पावती, आणि ओठ हलवत एकेक नाव ताडून पाहिलं. आठव्या कौन्सिलरपर्यंत. काही चुकीचं निघालं असतं तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवता येते. काही निघालं नाही. पावती घडी करून पेटीत टाकली. ती घरी नेता येत नाही आणि फोटोही काढता येत नाही, नाहीतर नोट वाटणारा दुसऱ्या दिवशी पुरावा मागायला दारात येईल. तेवढ्या दोन मिनिटांत मतदारानं काय ते बघून घ्यायचं. म्हणूनच पावतीचा टाइप मोठा हवा आणि यंत्राशेजारी एक भिंग दोरीला बांधून ठेवायला हवं. यासाठी अब्जावधी पेसो लागत नाहीत. उजव्या तर्जनीला शाई लावून त्या बाहेर आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या, पण चेहरा समाधानी.

खालच्या खोलीत लेखी संमती देऊन बसलेल्या आजी-आजोबांना यातलं काही मिळालं नाही. त्यांची मतं नीट मोजली गेली असतील, यावर मला शंका नाही. पण ज्यांना खुर्ची उचलणारा मुलगा नाही त्यांनी बघण्याचा हक्क सोडून द्यायचा, हे मला मान्य नाही. म्हणून दोन.

रात्रीचं सांगते. मतदान संपल्यावर यंत्रच मोजणी करतं, निकालाचा कागद छापतं आणि त्याची एक प्रत खोलीबाहेर लावतात. नवरा जाऊन वाचून आला. आमच्या खोलीत काय लागलं ते आम्हाला टीव्हीच्या आधी कळलं होतं. ही पद्धत मला फार आवडते. प्रांताचा आकडा नंतर आला. १९९५ ते २००४ पाब्लो गार्सिया गव्हर्नर होते, त्यानंतर २०१३ पर्यंत त्यांची कन्या ग्वेन गार्सिया, आणि मधली सहा वर्षं सोडून २०१९ पासून पुन्हा त्याच. या वेळी पामेला बारिक्वात्रो यांनी त्यांना तीन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. व्हाइस गव्हर्नर मात्र गार्सियांच्या पॅनेलमधले ग्लेन सोको निवडून आले, कारण ही दोन पदं इथे वेगवेगळी निवडली जातात. म्हणजे लाखो लोकांनी एका पॅनेलचा कागद जसाच्या तसा उतरवला नाही, नावं बघून गोल भरले. सासूबाईंनी कुणाला मत दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

ज्यांच्या घरी फिलिपिनो सासू-सासरे आहेत त्यांच्यासाठी थोडं. पहाटेच्या दोन तासांतच जा. मदतीची गरज असल्याची नोंद मतदार नोंदणीच्या वेळीच करून ठेवा, आयत्या वेळी कुणी ऐकत नाही. खोली कोणत्या मजल्यावर आहे ते शाळेत जाऊन आधी बघा, वेबसाइटवर ते कळत नाही. भिंग न्या, कोदिगो मोठ्या अक्षरात लिहा, आणि संमतीचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी पावतीबद्दल विचारा. बारांगायची निवडणूक डिसेंबर २०२५ वरून नोव्हेंबर २०२६ वर ढकलली आहे. २०२३ ला ती हातानं झाली होती, नावं स्वतः लिहून, यंत्राशिवाय आणि पावतीशिवाय. गव्हर्नर-मेयरची पुढची मे २०२८ ला. खालच्या मजल्यावर यंत्र ठेवा, असा अर्ज सासूबाईंनी स्वतःच्या सहीनं गावच्या निवडणूक कार्यालयात दिला आहे, आणि त्याची पोच शिक्क्यासकट घेऊन ठेवली आहे.