गडग्यावरची तार उत्तम, तिच्यासोबत मिळालेला कायद्याचा सल्ला घातक

गोव्यातील फोंडा तालुक्यात आमच्या कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, घराला गेल्या मार्चमध्ये आम्ही विद्युत कुंपण बसवून घेतले. चिऱ्याच्या गडग्यावर (हद्दीच्या दगडी भिंतीवर) पाच पदरी तार, तिला झटके पुरवणारा एनर्जायझर, बॅटरी, सायरन आणि पुढच्या-मागच्या दारांना सेन्सर असा सगळा सरंजाम ५८,००० रुपयांत आला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी मुख्य तक्रार यंत्राविषयी नसून यंत्रासोबत फुकट मिळालेल्या सल्ल्याविषयी आहे, आणि तसा सल्ला देणारा हा एकच विक्रेता असेल असे मला वाटत नाही.

यंत्र चांगले आहे. तारेतून वीज सतत वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही लहान अंशापुरता झटका जातो. व्होल्टेज हजारांत असले तरी झटक्यातली ऊर्जा मर्यादित ठेवलेली असते, त्यामुळे हात लावणारा दचकून मागे सरतो, तारेला चिकटून राहत नाही. तार कोणी तोडली किंवा दाबली की सायरन वाजतो. जूनच्या पहिल्या पावसात माडाची चुडते (झावळ्या) पडून आणि मिरवेल (मिरीची वेल) तारेपर्यंत पोहोचून चार-पाच वेळा उगाच बोंब झाली; तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी आला, पण काम नीट करून गेला.

आता सल्ला. घराची मागची बाजू मोजताना बसवणाऱ्या माणसाने सुचवले की तिकडे एनर्जायझरची तार न नेता घरच्या लाइनवरून थेट करंट सोडला, तर बरेच पैसे वाचतील. रानडुकरांसाठी लोक तसे करतातच. मी विचारले, माणूस मेला तर? तो म्हणाला, ‘कांयच जावपाचें ना’ (काहीच होणार नाही), चोर तुमच्या हद्दीत शिरला म्हणजे कायदा तुमच्याच बाजूने. आमच्या मागच्या गडग्याला लागून शेजाऱ्यांची विहिरीवर जाण्याची वाट आहे, आणि पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, तर गडगा ओलांडूनच माडांवर येतो. त्या माणसाला हे दोन्ही दिसत होते.

नेमक्या अशाच तारेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली निर्णय दिलेला आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यातील आरोपीने आपल्या शौचकुपाच्या वाटेवर उघडी, वीजप्रवाह सोडलेली तार लावली होती. शेजारच्या स्त्रीच्या शौचकुपाची भिंत पडल्यामुळे ती त्याचे शौचकूप वापरू लागली होती, आणि ते त्याला नको होते. धोक्याची कोणतीही सूचना नव्हती. तारेचा स्पर्श होऊन ती गेली. ती परवानगीवाचून आत आली होती हा बचाव न्यायालयाने मानला नाही. आगंतुकालाही कायद्याचे संरक्षण असते, त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावता येत नाही, असे ठरवून शिक्षा कायम केली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा तो गुन्हा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘हद्दीत शिरला म्हणजे झाले’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धसत्यही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितला आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राण घेण्यापर्यंत जाण्याची मुभा कलम ४१ देते, पण ती मोजक्याच प्रसंगी: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे किंवा ते स्फोटकाने उडवणे, आणि ज्या चोरीत, नासधुशीत किंवा गृहअतिक्रमणात मृत्यूची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा प्रसंग. रात्री कौले काढून छपरातून उतरणारा चोर घरफोडीत मोडतो; परसात शिरून नारळ किंवा पंप उचलणारा मोडत नाही. त्याला अडवता येते, गरजेपुरते बळही वापरता येते, मात्र तेवढ्यासाठी त्याचा जीव घेता येत नाही. गंमत अशी की कुंपण उभे असते ते गडग्यावर, आणि कायद्याने दिलेली मोठी मुभा सुरू होते ती घराच्या दारापासून किंवा कौलांपासून; या दोहोंमधले अंगण विक्रेत्याच्या हिशेबात नव्हतेच.

मे महिन्यातील एका रात्री सव्वादोनला सायरन वाजला तेव्हा हे सगळे माझ्या डोक्यात होते असे म्हणणे खोटे ठरेल. माझ्या हातात कोयता होता आणि दुसरा हात मागच्या दाराच्या कडीवर होता. पत्नीने आधी बाहेरचे सगळे दिवे लावले आणि माझा हात कडीवरून काढला. खिडकीतून पाहिले तर फणसाच्या फांदीवर दोन डोळे चमकत होते: कांडेचोर, म्हणजे उदमांजर. नावापुरता चोर निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी घरात हसलो, पण फणसाखाली माणूस असता आणि पळू लागला असता, तर कोयता घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या मला संरक्षणाचे कारण सांगता आले नसते.

भित्रेपणाचा आग्रह कायदा धरत नाही, हेही सांगितले पाहिजे. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की हल्ला झाल्यावर पळूनच गेले पाहिजे असे बंधन नाही, आणि जिवावर बेतलेल्या क्षणी माणसाने वापरलेले बळ तागडीत गुंजभर कमी-जास्त तोलायचे नसते. मात्र हे संरक्षणासाठीच केले, हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही. चोर सापडला तर त्याला बांधून सकाळपर्यंत चोप देण्याची पद्धतही सोडावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४० नुसार पकडणाऱ्याने त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे असते. ११२ हा क्रमांक आम्ही आता फोनशेजारी लिहून ठेवला आहे.

मागच्या बाजूलाही एनर्जायझरचीच तार घेतली. धोक्याच्या पाट्या आल्या त्या फक्त इंग्रजीत, आणि आमचा पाडेली इंग्रजी वाचत नाही; मराठी, हिंदी आणि कन्नड पाट्या मी फोंड्यात स्वखर्चाने रंगवून घेतल्या. यंत्राला पाचपैकी चार तारे, विक्रेत्याला एक. देखभालीचा वार्षिक करार करणार आहे, पण लाइनवरून थेट करंट कुठेही जोडलेला नाही असे कंपनीने लेखी दिल्यावरच.