जँगोचं ओआरएम घ्यायचं की एसक्यूएलअल्केमी?

नागपुरात मिहानमधल्या कंपनीत असा नाहीतर इतवारीतल्या व्यापाऱ्याचं बिलिंग करून देत असा, पायथनमध्ये डेटाबेसचं काम निघालं की हा प्रश्न येतोच. जँगो ही वेबसाइट बनवायची फ्रेमवर्क, तिच्यात ओआरएम (टेबल आणि कोडमधले ऑब्जेक्ट जोडणारा भाग) सोबतच येतो; एसक्यूएलअल्केमी ही डेटाबेससाठीची वेगळी लायब्ररी, तिच्यातही ओआरएम आहे. जँगो २००५ मध्ये बाहेर आलं, माइक बायरची एसक्यूएलअल्केमी २००६ मध्ये, म्हणजे दोन्ही चांगली मुरलेली आहेत. टेबलाची रो उचलून तिचा ऑब्जेक्ट दोन्ही बनवतात, पण तो ऑब्जेक्ट परत डेटाबेसात कधी आणि कसा लिहिला जातो तिथं खरा फरक आहे आणि निवड तिथूनच करायची, सिंटॅक्स कोणाचा सोपा यावरून नाही.

समजा कळमन्यातल्या संत्र्याच्या अडत्याचं सॉफ्टवेअर आहे. शेतकऱ्याच्या रोमध्ये नाव, मोबाईल आणि उचलीची बाकी. बहार जोरात आहे, एका मुनीमने शेतकऱ्याचा मोबाईल दुरुस्त करायला रो उघडली, तेवढ्यात दुसऱ्याने पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशेब) करताना उचल वळती केली, मग पहिल्याने सेव्ह केलं. जँगोचं सेव्ह साध्या वापरात सगळे कॉलम लिहितं, म्हणजे जुनी बाकी परत येऊन बसते आणि कुठंच एरर दिसत नाही! ते टाळायला अपडेट_फील्ड्स देऊन कोणते कॉलम लिहायचे ते सांगावं लागतं. एसक्यूएलअल्केमीचं सेशन (उघडलेले ऑब्जेक्ट आणि त्यांतले बदल सांभाळणारा भाग) मात्र कोणता ॲट्रिब्यूट बदलला हे लक्षात ठेवतं आणि फक्त मोबाईलचा कॉलम अपडेट करतं. पण दोघंही बाकीच बदलत असतील तर तिथं एसक्यूएलअल्केमीही आपोआप वाचवत नाही भाऊ, वजाबाकी डेटाबेसलाच करायला सांगा (जँगोत एफ एक्स्प्रेशन, एसक्यूएलअल्केमीत कॉलम एक्स्प्रेशन) नाहीतर रो लॉक करा.

या सेशनची किंमतही आहे. नवीन पोराला फ्लश (बदल डेटाबेसकडे पाठवणं) आणि कमिट (ते पक्के करणं) यातला फरक समजायला वेळ लागतो, कमिट विसरला की डेटा गायब, आणि कमिटनंतर ऑब्जेक्ट एक्स्पायर होतो, म्हणजे त्यातली माहिती परत डेटाबेसातून आणावी लागते, म्हणून सेशन बंद केल्यावर त्याला हात लावला की एरर. जँगोत सेव्ह म्हटलं की लिहिलं गेलं, ऑटोकमिट असतं, चार गोष्टी एकत्र करायच्या तर ॲटॉमिक ब्लॉक, म्हणजे सगळ्या होतात नाहीतर एकही नाही.

स्लो चालण्याची तक्रार दोन्हीकडे एकाच कारणाने येते. आवकेच्या २०० नोंदी दाखवल्या आणि प्रत्येकीपुढे शेतकऱ्याचं नाव छापलं की जँगो २०१ क्वेरी मारतं. एसक्यूएलअल्केमी एका सेशनमध्ये तोच शेतकरी परत आणत नाही, म्हणून तिथं वेगवेगळे शेतकरी जितके तितक्याच जास्तीच्या, पण त्याही नकोच ना. जँगोत सिलेक्ट_रिलेटेड, एसक्यूएलअल्केमीत जॉइंडलोड किंवा सिलेक्टइनलोड लावा, म्हणजे शेतकरी एकत्रच आणले जातात.

मायग्रेशनमध्ये, म्हणजे टेबलाची रचना बदलण्यात, मला जँगो सरळ पुढे वाटतं. कॉलमचं नाव बदललं तर ते विचारतं की रिनेम केलं का. एसक्यूएलअल्केमीसोबत वापरायचं मायग्रेशनचं टूल अलेम्बिक, ते ऑटोजनरेट करताना जुना कॉलम ड्रॉप आणि नवीन ॲड असं लिहून देतं, ती फाईल न वाचता चालवली की डेटा गेला. आणि जँगोचं ॲडमिन, म्हणजे डेटा भरायची तयार स्क्रीन! संध्याकाळपर्यंत मुनीम एंट्री करायला बसू शकतो.

उलट डेटाबेस आधीचाच असेल, कोणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवलेला, दोन-दोन कॉलमच्या प्रायमरी की असलेला, तर एसक्यूएलअल्केमीच घ्या. जँगोत अशी कंपोझिट की २०२५ मध्ये ५.२ व्हर्जनला आली आणि त्या आवृत्तीत असं मॉडेल ॲडमिनमध्ये लावता येत नाही. मोठे रिपोर्ट, सीटीई (क्वेरीच्या आत नाव देऊन वापरायची तात्पुरती क्वेरी) वगैरे लागत असेल तरी एसक्यूएलअल्केमीच, जँगोत सीटीईसाठी बाहेरचं पॅकेज नाहीतर कच्चं एसक्यूएल.

एसक्यूलाइटवर (एका फाईलमधला डेटाबेस) एखादी छोटी स्क्रिप्ट चालवायची असेल तर दोन्ही सोडा, पीवी नावाचं छोटं ओआरएम पुरतं.

म्हणजे टेबलं तुम्हीच बनवणार आणि वेबसाइट पण हवी, तर जँगो. फास्टएपीआय (एपीआय बनवायची पायथन फ्रेमवर्क) वापरून राह्यले किंवा जुना डेटाबेस गळ्यात पडला, तर एसक्यूएलअल्केमी, तेही २.० च्या पद्धतीनेच शिका कारण नेटवरची बरीच उदाहरणं जुन्या क्वेरी स्टाइलची आहेत. फक्त एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही मिसळू नका, काहून की दोघांची कनेक्शनं वेगळी असतात, पट्टी एकाने लिहिली आणि उचल दुसऱ्याने, तर एकाचा रोलबॅक (बदल मागे घेणं) दुसऱ्याला कळतच नाही.